दोन जावांमधला चेंडू

चेंडू एवढा उंच गेला, की गिरणीच्या धुराड्याच्याही वर जाऊन तो क्षणभर थांबला असंच मला वाटलं. पांढराशुभ्र, पऱ्हाटीवर एकट्यानंच फुटलेल्या बोंडासारखा. मग तो खाली निघाला. माझ्या आणि कांचनच्या बरोबर मधोमध.

मी डावीकडे धावले, ती उजवीकडे. मी धावत होते म्हणजे आपली पाय उचलत होते. ती मात्र वाऱ्यानं सावरीचा कापूस न्यावा तशी आली. माझ्या आधी चेंडूखाली पोचली, ग्लव्ह वर केला, आणि तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली.

"ताई, घेऊ का मी?" तिनं विचारलं.

"घे" म्हणायला मी तोंड उघडलं. चेंडूनं काही वाट पाहिली नाही. दोघींच्या मधल्या गवतात धप्पकन पडला आणि दोन कोलांट्या घेऊन माझ्या बुटाशी येऊन थांबला.

पलीकडे राइटला उभी असलेली फरीदा पोट धरून हसत खाली बसली. आणि होमवरून, म्हणजे बॅट चालवायच्या जागेवरून, आम्हाला खेळ शिकवणाऱ्या मोहोड सरांचा आवाज आला, "अवं बाया हो! चेंडू आहे का पंगतीतली जिलबी? 'तुम्ही घ्या, नाही तुम्ही घ्या!' तिकडून ती पोट्टी घरी पोचली ना!"

कांचननं मान खाली घातली. डोक्यावर पदर नव्हता, टोपी होती. तरी तिचा हात पदर ओढायला कपाळापर्यंत गेला.

ती माझी धाकटी जाऊ. माझ्या दिराची, सुधाकरची बायको. लग्नाला दीड वर्ष झालं होतं.

सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या गावात तेव्हा सूतगिरणी होती. सकाळी तिचा भोंगा झाला की गावातल्या चुली पेटायच्या, संध्याकाळी झाला की पाखरं बाभळीवर यायची. गिरणीला खेळाची हौस होती. बायांचा सॉफ्टबॉलचा संघ होता. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी जाऊच म्हणा ना. घर तेच, रीत तीच, फक्त अंगण थोडं लहान. चेंडू मारून तीन बेसांची फेरी घालायची आणि होमला, म्हणजे घरी, परत पोचायचं, की एक धाव. अर्धी पाळी चात्यांवर काढायची आणि अर्धी मैदानावर. पगार दोन्हीचा. गावातल्या बाया म्हणायच्या, "भुयारांच्या सुनेले पळाचे पैसे भेटते, बाप्पा!" मी त्या संघात दहा वर्षं लेफ्टला उभी होते. कांचन शाळेत असताना यवतमाळकडून खेळलेली, हे लग्नाच्या बैठकीतच मला कळलं होतं. मीच सरांच्या मागे लागून तिला गिरणीत आणलं. बदली कामगार म्हणून.

त्या दिवशी सराव संपल्यावर सरांनी मला कडुनिंबाखाली थांबवलं. फरीदा आणि कांचन ग्लव्ह गोळा करत होत्या.

"बसा, भुयारबाई," सर म्हणाले. "आता मले खरं सांगा. आउटफिल्डचं काय करावं?"

आउटफिल्ड म्हणजे मागची राखण. पुढच्या पोरी उंबरठा सांभाळतात, मागच्या तिघी शेत. पुढून निसटलेलं सगळं त्यांच्या पदरात पडायचं.

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं.

"लेफ्टले तुम्ही. तुमचे पाय गेले, खांदा गेला. पण बॅटचा आवाज ऐकूनच चेंडू कुठं पडते ते तुम्हाले समजते. तुम्हाले हलवता येत नाही."

"कौतुक करता की टोमणा मारता, सर?"

"दोन्ही. राइटले फरीदा. तिकडून तिसऱ्या बेसपर्यंत फेक लागते, तो हात तिचाच. राहिली सेंटर."

"कांचन आहे ना."

सरांनी शिटी बोटात गुंडाळली, सोडली. "सेंटरले पाय लागतात, ते तिचे आहेत. तसे पाय मी उभ्या आयुष्यात पाहिले नाहीत. हात हलका आहे, तो चालवून घेऊ. पण सेंटरले आधी गळा लागते, बाई. सेंटरवालीनं 'माझा' म्हटलं की डाव्या-उजव्या दोघींनी बाजूले व्हायचं, मग ती कोणी का असेना. आणि ही तर तुम्हाले परवानगी मागते!"

"लाजते थोडी."

"लाजत नाही. फरीदाच्या बाजूचे सगळे चेंडू घेते. 'फरीदा, हट!' म्हणून वरडते, इथपर्यंत ऐकू येते. फक्त तुमच्या बाजूचे पडतात."

मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की घरातलीही गोष्ट परकी होऊन समोर उभी राहते.

"मग?"

"मग काय. फरीदाले मधात घेतो, तुळसा ढोकेले राइटले. कांचन बाहेर." त्यांनी शिटी खिशात टाकली. "नागपूरच्या स्पर्धेले जो संघ जाईल त्याले गिरणी कायम करणार. बाकीच्या बदली बायांचं काम दिवाळीनंतर बंद. तुम्हाले माहीतच आहे."

"दुसरा उपाय नाही?"

"आहे. तुम्ही बाहेर बसा, मग ती मोकळी वरडेल. पण मग लेफ्टले कोण? मी?"

मी हसले नाही. "रविवारी कॉलेजच्या पोरींसोबत चाचणीचा सामना आहे," मी म्हटलं. "तोवर थांबा, सर."

"रविवार. त्याच्यापुढं माझ्या हातात नाही."

घरी आल्यावर आम्ही दोघी चुलीपाशी बसलो. ती भाकरी थापत होती, मी शेकत होते. बाहेर अंगणात सासूबाई तुरीच्या काड्यांचा खराटा बांधत होत्या. कांचनच्या हाताखाली पीठ कसं गोल गोल फिरायचं! जणू परातीत चंद्रच उगवतोय आणि ती त्याला थोपटून झोपवतेय.

"मले एक सांग," मी म्हटलं. "तू मले 'हट' कायले नाही म्हणत वं?"

तिचा हात थांबला. "तुम्हाले? अव माय! मोठ्या जावेले कोणी हट म्हणते का?"

"मैदानावर म्हणते."

"मैदानावर येताना तुम्ही तुमचं मोठेपण काय घरी ठेवून येता?"

"ठेवते ना. टोपल्याखाली झाकून येते. नाही तर मांजर नेईल."

ती खुदकन हसली. मी म्हटलं, "म्हण आता. इथं कोणी नाही. हट म्हण."

तिनं ओठ ओले केले. दोनदा श्वास घेतला. माझ्याकडे बघितलं, मग तव्याकडे बघितलं, आणि तव्यालाच म्हणाली, "हटा ना, ताई."

"हटा ना नाही. हट."

"हटता का जरासक्या?"

आता मलाही हसू आवरेना. दोघींच्या हसण्यानं भाकरी करपली. अंगणातून सासूबाई ओरडल्या, "काय खिदळून राहिल्या वं मोठे? जळली ना भाकर!"

"काही नाही, आत्याबाई!"

हसू ओसरलं तसं मी तिला सरांचं बोलणं सांगितलं. लपवून काय करायचं होतं? तिनं करपलेली भाकरी आपल्या ताटात ठेवली.

"म्हणजे मी शेतावर," ती म्हणाली.

सुधाकर शेतावरच्या घरी राहत असे, गावापासून लांब. गिरणीचं काम कायम झालं नाही, तर कांचननंही तिकडेच जायचं, हे घरात ठरलेलंच होतं. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. नवरा तिकडे, तर बायकोही तिकडे.

"शेतावर जायाले माहं काही नाही, ताई. निंदणं येते, वेचणं येते. तेही गोडच आहे." ती बोटांचं पीठ काढत होती. "पण चेंडू वर गेला ना, की तो खाली येईपर्यंत मले कोणीच काही सांगत नाही. न आत्याबाई, न तुम्ही. तेवढ्यासाठी जीव जाते."

"मग वरड ना, बाई."

"घसाच बंद होते. तुमचं तोंड दिसलं की लग्नातल्या मांडवात तुम्ही माही ओटी भरली होती, ते दिसते."

मी चुलीत एक काडी सारली.

ते दिवस भुलाबाईचे होते. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर मातीची भुलाबाई बसते. संध्याकाळी पोरी टिपऱ्या घेऊन अंगणात जमतात, गाणी म्हणतात, आणि खिरापतीच्या डब्यात काय आहे ते ओळखत भांडतात. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीचा फेरा आमच्या अंगणात होता. पोरींनी कांचनला हात धरून ओढलं. "काकू, तुम्ही म्हणा! तुमच्या यवतमाळकडचं म्हणा!"

ती आधी नाही नाही म्हणाली. मग टिपऱ्या वाजायला लागल्या, आणि ठेक्यानं तिचे खांदे आपोआप हलले. तिनं माझ्याकडे बघत, डोळे बारीक करत सुरुवात केली:

"मोठी माझी जाऊ गं, मोठं तिचं नाक,
शेजारीण म्हणे बाई, पदरानं झाक!"

पोरी किंचाळल्या. माझं नाक खरंच मोठं आहे. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला.

"सरक सरक जाऊबाई, सोड माझी वाट,
दारातच मांडला कसा बसायचा पाट!"

दुसऱ्या ओळीला तिनं चक्क माझ्या खांद्याला खांदा मारला आणि मला फेरातून बाहेर ढकललं. गळा असा मोकळा, की पलीकडच्या आळीतून बाया बघायला आल्या. सासूबाई हसून हसून खोकायला लागल्या. "बरोबर म्हणते वं धाकटी! मोठी पाट मांडूनच बसते दारात!"

मी ढकलली गेले ती तुळशीवृंदावनाला धरून उभी राहिले आणि बघत राहिले. हीच का ती? 'हटता का जरासक्या' म्हणणारी?

पण गाण्याचा न्याय वेगळा. जात्यावर, फेरात, टिपऱ्यांत सुनेनं सासूला विंचू म्हणावं, नणंदेला काटेरी बोर म्हणावं, जावेला 'तू' म्हणावं. कुणी राग धरत नाही. आमच्या आयाबायांनी जे तोंडानं म्हटलं नाही ते सुरात म्हटलं, आणि ज्यांच्यावर म्हटलं त्या टाळ्या वाजवत बसल्या.

सकाळी मैदानावर मी तिला म्हटलं, "आज वरडू नको. गाणं म्हण."

"काय?"

"चेंडू आला की 'सरक सरक जाऊबाई' म्हण. कालच्यासारखं."

सरांनी पहिला चेंडू आमच्या मधोमध मारला. कांचन धावली, आणि धावताधावता सुरात सुरू झाली, "सरक सरक जाऊबाई, सोड माझी वाट, दारातच मांडला..." पाटापर्यंत पोचायच्या आत चेंडू जमिनीवर पडून, घरंगळून, कुंपणाला लागून थांबला होता. पण मी बाजूला झाले होते. ती चेंडूखाली होती. फक्त म्हणण्याच्या नादात ग्लव्ह वर करायला विसरली होती.

"हे काय चालू आहे?" सर धावत आले. "माझं मैदान आहे का कीर्तन?"

"अल्ला, सर, म्हणू द्या," फरीदा म्हणाली. "मला तर फार आवडलं. पुढच्या चेंडूला मी टिपऱ्या धरते."

"सर, घसा उघडला तिचा," मी म्हटलं.

सरांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. टोपी काढली, घातली. "ठीक आहे. पण लहान करा. चेंडू वर असेपर्यंत संपलं पाहिजे गाणं."

मग आम्ही ते गाणं लहान करत गेलो. आधी दुसरी ओळ गेली. मग 'सोड माझी वाट' गेलं. 'सरक सरक जाऊबाई' एवढंच उरलं, तेही लांबच. 'सरक जाऊबाई.' मग 'सरक जाऊ.' डाळीतले खडे निवडावे तसे आम्ही शब्द काढत होतो. सूर मात्र ती सोडेना. सूर गेला की तिचा घसा मिटे. तीन-चार दिवसांत ती 'सरऽक!' असं एका हेलकाव्यात म्हणायला लागली, आणि माझ्या बाजूचे चेंडू तिच्या ग्लव्हमध्ये पडायला लागले. सर काही बोलत नव्हते. सर बोलत नव्हते म्हणजे खूश होते.

रविवारी कॉलेजच्या पोरी अमरावतीहून बसनं आल्या. पांढरे बूट, एकसारखे झगझगीत सदरे. गिरणीला सुटी होती, म्हणून कामगारांची घरंच्या घरं मैदानाच्या कडेला येऊन बसली. बाया, म्हाताऱ्या, कडेवरची लेकरं, भुईमुगाच्या शेंगा. आणि त्यात आमच्या सासूबाई. दहा वर्षांत त्या कधी मैदानावर आल्या नव्हत्या. त्या दिवशी लुगड्याच्या ओच्यात फुटाणे घेऊन पहिल्या रांगेत.

"आत्याबाई कशा काय?" कांचनचा आवाज पातळ झाला.

"बघायला आल्या असतील. तू चेंडू बघ."

पण मला कळलं. फेरात सासूबाई हसल्या होत्या. फेर म्हणजे फेर. हे मैदान होतं. इथं चारचौघं, गिरणीचे साहेब, परगावच्या पोरी. इथलं बोलणं गाण्याच्या खात्यात जमा होणार नव्हतं.

तिसऱ्या डावात चेंडू आमच्या मधे आला. मी कान लावून होते. 'सऽ' असं काहीसं ऐकू आलं, आणि पुढे नुसता वारा. मी वळून पाहिलं तर तिची नजर पहिल्या रांगेत. चेंडू पडला. कॉलेजच्या दोन पोरी घरी पोचल्या आणि सामना बरोबरीत आला.

डाव संपल्यावर सर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. कांचन लांब, माठापाशी, पाणी न पिता नुसता पेला धरून होती.

"तुळसाले तयार राहायले सांगतो," सर हळू म्हणाले.

"सर."

"भुयारबाई, मी लई थांबलो."

"शेवटपर्यंत थांबा. पडला तर माझ्यामुळं पडला म्हणा."

"तुमच्यामुळंच पडते ना!" सर वैतागून म्हणाले. "तेच तर सांगून राहिलो!"

मी कांचनपाशी गेले. काही शिकवणीचं बोलायचं म्हणून गेले होते. पण तिचं तोंड बघितलं. पेला घेतला, पाणी प्याले, तिला परत भरून दिला. ती म्हणाली, "ताई, मी जातेच आता शेतावर. उगाच तुमचं नाव खराब."

"मैदानावरून अजून कोणी गेलं नाही," मी म्हटलं. "चल."

शेवटचा डाव. बरोबरी. कॉलेजची एक बाद, आणि त्यांची एक उंच, लांब वेणीची पोरगी तिसऱ्या बेसवर पाय टेकून उभी. ती घरी पोचली की सामना संपला.

बॅटचा आवाज आला. टणक नाही, थोडा खोल. मला कळलं, हा उंच जाणार आणि मधेच पडणार. मान वर केली. चेंडू धुराड्यावरून गेला, निळ्यात विरघळला, पुन्हा दिसला. मी धावले. खोटं धावले नाही. गुडघे ठणकत होते तरी जीव खाऊन धावले. तिनं म्हटलं नाही तर मलाच घ्यायचा होता. माझ्या पायांना तो पोचणार नव्हता, तरी दुसरं कोण होतं? डोळे वर, हात वर, कानात रक्त.

आणि डावीकडून, अगदी जवळून, विहिरीत कळशी पडावी तसा आवाज आला:

"पमे! हट!"

मी थांबले. थांबले म्हणजे पाय जमिनीत रुतले. कुणी मागून वेणी धरून ओढावं तशी.

ती माझ्या समोरून गेली. ग्लव्ह उघडला, मिटला. चेंडू आत.

पुढचं जे झालं ते तिथं बसलेली माणसं नंतर पुष्कळ वर्षं सांगत होती. झेल घेतला, की तिसऱ्या बेसवरची पोरगी घराकडे पळू शकते. ती पळत सुटली होती. सगळं मैदान ओरडत होतं, "होम! होम! फेक!" आणि आमची कांचन ग्लव्हमधला चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरून माझ्यासमोर उभी. चेहरा पांढराफटक.

"ताई... ताई, माफ करा. तोंडातून गेलं. ताई, मी मुद्दाम..."

ती वाकायला लागली. पाया पडायला.

"फेक!" मी म्हटलं.

"नाही, पण ताई..."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक लुगडं ताडकन उभं राहिलं. फुटाणे उधळले. सासूबाई दोन्ही हात वर करून किंचाळल्या, "अवं भैताडे! पाया मंग पड! फेक ना तो चेंडू!"

कांचननं फेकला. हात हलकाच होता तिचा. चेंडू दोन टप्पे खाऊन होमवर पोचला, तेव्हा लांब वेणीची पोरगी मैत्रिणींच्या गळ्यात पडली होती.

आम्ही हरलो.

सर होमवरून चालत आमच्याकडे आले. इतके सावकाश, की कांचननं मधल्या वेळात तीनदा डोळे पुसले. येऊन त्यांनी कंबरेवर हात ठेवले.

"आधी हाक, मग झेल, मग माफी, मग फेक," ते म्हणाले. "असं कुठल्या पुस्तकात आहे?"

कांचननं चौथ्यांदा डोळे पुसले.

"माफी तेवढी काढून टाका मधातली. बाकी बरोबर आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सेंटर भेटली, बाई. नागपूरले जाऊ."

फरीदा तोवर पोचली होती. तिनं कांचनला उचलून गरगर फिरवलं.

घरी जाताना सासूबाई आमच्या पुढे चालत होत्या. गिरणीच्या फाटकापाशी त्या मागे न बघता म्हणाल्या, "धाकटीनं तुले नावानं हाक मारली, मोठे."

"हो, आत्याबाई."

"जोऱ्यात मारली."

"हो."

"नसती मारली तं चेंडू पडला असता," त्या म्हणाल्या, आणि ओच्यात उरलेले चार फुटाणे काढून मागे हात करून कांचनच्या तळहातावर ठेवले.

मी मागे राहिले. चपलेचा अंगठा तुटल्याचं निमित्त केलं आणि वाकून बसले. मला कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं.

त्या घरात मी मोठी होते. गिरणीत भुयारबाई होते. मुलांची आई, दिराची वहिनी, नवऱ्याची 'ऐकलं का'. पमी म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, माझी आई. ती त्याच उन्हाळ्यात गेली. तिच्या दिवसांना माहेरी गेले तेव्हा भावजयांनी 'आक्का, आक्का' करून किती केलं! पण परतताना वाटलं होतं, पमी नावाची कुणी होती ती आता संपली. तिला आता कोण ओळखणार?

कांचन परत आली. माझ्याशेजारी उकिडवी बसली. "ताई, लई लागलं का तुम्हाले?"

"तुला कसं ठाऊक ते नाव?"

"माह्या लग्नात तुमची माय आली होती ना. मांडवात तुम्हाले शोधत फिरत होती, 'पमे, हळदीचं ताट कुठं, पमे'. लई गोड वाटलं होतं. डोक्यात राहिलं असेल कुठंतरी." तिनं माझ्या चपलेचा अंगठा हातात घेऊन बघितला, तो तुटलेला नव्हता. तिनं चप्पल तशीच माझ्या पायाशी ठेवली. "पुन्हा नाही म्हणणार, ताई."

"म्हणशील," मी म्हटलं. "नाही तर चेंडू पडेल."

नागपूरला आम्ही दुसऱ्याच दिवशी हरलो, पण कांचन कायम झाली. पुढे तिची मुलं झाली, सुधाकरनं शेत बटाईनं देऊन गावात बस्तान हलवलं, सासूबाई गेल्या. मोहोड सरही गेले. गिरणी बंद पडून आता तिथं वेड्या बाभळी माजल्या आहेत, आणि पाखरं भोंग्याशिवायच घरी येतात. कांचन अजून माझ्या हाताखालचं पातेलं मला उचलू देत नाही. 'ताई, तुम्ही बसा' म्हणते. 'तुम्ही'च म्हणते. चुलीपाशी, बाजारात, दवाखान्यात, सगळीकडे.

आम्ही आणखी चार मोसम शेजारी शेजारी उभ्या राहिलो. गुडघे पार गेले होते, तरी मी लेफ्ट सोडली नाही. आणि पुष्कळदा, चेंडू स्पष्ट तिच्या हद्दीत पडणार हे बॅटच्या आवाजावरूनच कळलेलं असताना, मी त्याच्याखाली धावत जायची.

"भुयारबाई!" सर ओरडायचे. "तो तुमचा नव्हता!"

"माहीत आहे, सर," मी म्हणायची.

पण तोवर तिची हाक येऊन गेलेली असायची.